नागपूरच्या हवेत टिकणारं घरचं लॉन: माती तयार करण्यापासून वर्षभराच्या निगेपर्यंत

नागपुरात घरापुढचं लॉन गेलं की दोष मे महिन्याच्या उन्हाला दिला जातो. अशा लॉनचा एक तुकडा उचलून पाहिला तर बहुतेक वेळा दिसतं की मुळं दीड-दोन इंचांच्या खाली उतरलेलीच नाहीत. खाली चिकट काळी माती, तिच्यात बांधकामाचा मलबा, आणि पावसाळ्यात तिथे साचलेलं पाणी. मुळं ऑगस्टमध्येच अर्धी कुजलेली असतात आणि मेमध्ये ते फक्त डोळ्यांना दिसतं. एरवी हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, शेताच्या धुऱ्यावर ४५ अंशांतही तग धरते आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. म्हणून या लेखात मातीला आणि निचऱ्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ते नीट झालं की पुढची कामं हलकी आहेत.

सगळी मापं २०० चौरस फुटांसाठी, म्हणजे १० बाय २० फुटांच्या तुकड्यासाठी दिली आहेत. तुमची जागा मोठी असेल तर त्या पटीत वाढवा.

आधी ऊन मोजा, मग गवत ठरवा

ज्या दिवशी आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी सकाळी ७ पासून दर तासाला जागा पाहा आणि किती तास थेट ऊन पडतं ते लिहून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडची जागा मेमध्ये उन्हात असली तरी डिसेंबरमध्ये पूर्ण सावलीत जाऊ शकते. निर्णय हिवाळ्यातल्या उन्हावर घ्या.

सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर हरळीच घ्या. धुऱ्यावरची जाडीभरडी हरळी आणू नका. नर्सरीत ‘सिलेक्शन नंबर वन’ नावाने मिळणारी बारीक पात्याची निवड घ्या. पायाखाली तुडवली तरी ती भरून येते आणि उन्हाळा सगळ्यात चांगला काढते. चार-पाच तास ऊन असेल तर मेक्सिकन किंवा कोरियन नावाने विकलं जाणारं गवत चालेल. ते दिसायला मऊ आणि दाट असतं, पण पसरतं फार हळू, आणि वेळेवर कापलं नाही तर उशांसारखे उंचवटे धरतं. मुलं खेळणार असतील तर ते घेऊ नये. तुटलेली जागा भरायला त्याला महिनोन्‌महिने लागतात.

आंब्याखाली किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत कोणतंही लॉन लावू नका. तिथे मोंडो ग्रास किंवा वेडेलिया अशी जमीन झाकणारी रोपं लावा, आणि लॉनची कड झाडाच्या घेराबाहेरच थांबवा. नर्सरीत ‘कार्पेट’ हा शब्द कोणत्याही गवताला लावतात, तेव्हा नावावर विसंबू नका, पातं पाहा. बोटभर रुंद पात्याचं गवत सावलीत बरं असतं, पण त्याला पाणी खूप लागतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा होरपळतं. थंड प्रदेशातल्या राय किंवा फेस्क्यूच्या बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात. ती घेऊ नका. हिवाळ्यात उगवलेलं ते गवत उन्हाळा काढत नाही.

एप्रिल-मे: खोदकाम आणि माती तापवणं

लावणी पावसाळ्यात होते, पण कामाची सुरुवात एप्रिलमध्ये करा. वैशाखाचं ऊन इथे फुकट मिळणारं औषध आहे.

पूर्ण जागा नऊ इंच खोदा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टरचा चुरा, टाइल्स, लाकडाचे तुकडे, सगळं वेचून बाहेर काढा. सिमेंट आणि चुन्यामुळे आधीच अल्कधर्मी असलेली माती आणखी बिघडते. गाडलेल्या लाकडावर पुढे वाळवी आणि कुत्र्याच्या छत्र्या येतात. नव्या लेआउटमध्ये बांधकामानंतर वरून चार इंच चांगली माती पसरून मलबा झाकून देतात. तिथे खोदायचा कंटाळा केला तर पुढे कितीही खत घाला, गवत ठिकठिकाणी पिवळंच राहतं.

खोदताना काळपट, शेंगदाण्याएवढ्या, सुवासिक गाठी दिसल्या तर तो लव्हाळा, म्हणजे नागरमोथा आहे. लॉनचा हा सगळ्यात मोठा शत्रू. गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. पात ओढून काढली की गाठ जमिनीत राहते आणि तिच्या शेजारची झोपलेली गाठही जागी होते. म्हणून माती उलटी करून ढेकळं पंधरा दिवस उन्हात वाळू द्या, पुन्हा उलटा, पुन्हा वाळू द्या. वर आलेल्या गाठी वेचून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. शेवटी एकदा पाणी देऊन आठ-दहा दिवस थांबा. जे उगवेल ते खुरपीने गाठीसकट काढा. हे दोनदा करता आलं तर पुढच्या दोन वर्षांचं खुरपणं वाचतं.

शेणखत घालण्यापूर्वी मातीचा नमुना घ्या. आठ-नऊ ठिकाणी सहा इंच खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून कडेची माती खरवडा, एकत्र करा, त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवून कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे मागा. सामू ७.५ ते ८.३ असेल तर घाबरू नका, काळ्या मातीत तो असतोच आणि हरळीला चालतो. जिप्सम लागतं ते सामू ८.५ च्या वर आणि मातीत सोडियम जास्त असेल तेव्हाच. काळी माती दिसली की जिप्सम ओतायचं, हा सल्ला चुकीचा आहे.

निचरा तपासा

एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करा. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळेस तासात पाणी एक इंचाहून कमी उतरलं तर निचरा वाईट आहे. बेसा-पिपळ्याकडे किंवा हिंगणा रोडकडे, जिथे शेतजमिनीवर लेआउट पडले, तिथे बहुधा हाच निकाल येतो. सेमिनरी हिल्सच्या बाजूला मुरूम लागतो. तिथे उलटं होतं, पाणी भराभर खाली जातं आणि ओल टिकत नाही.

काळ्या मातीत दोन-चार घमेली रेती कालवून ती भुसभुशीत होत नाही. थोडी रेती चिकणमातीत मिसळली की वाळल्यावर विटेसारखा गच्च थर तयार होतो. एक तर रेती अर्ध्याच्या आसपास हवी, जे खर्चिक आहे, नाही तर जुनी माती खाली तशीच ढिली ठेवून वर चार इंचांचा वेगळा थर द्या. घरच्या लॉनला हा दुसरा मार्ग परवडतो.

वरच्या थरासाठी दोन भाग हलकी लालसर किंवा पोयट्याची माती, एक भाग नदीची रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. २०० चौरस फुटांवर चार इंच म्हणजे ६७ घनफूट. व्यवहार ब्रासमध्ये होतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा माती तिसरा हिस्सा ब्रास, रेती आणि शेणखत प्रत्येकी सहावा हिस्सा. एवढं शेणखत सिमेंटच्या साधारण १३ रिकाम्या पोत्यांत बसतं. सोबत दोन किलो निंबोळी ढेप आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. पायव्याच्या खोदकामातली माती ‘चांगली काळी माती’ म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर नाही म्हणा.

शेणखत हातात घेऊन पाहा. शेणाचा वास येत असेल, गरम लागत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणीच्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीच्या, अळ्या आणि तणांचं बी दोन्ही येतात.

आता उतार. घराच्या भिंतीकडून बाहेर दर १० फुटांना दीड इंच उतार द्या, म्हणजे २० फुटांत तीन इंच. डोळ्याने अंदाज धरू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब आणि दोरी लावून करा. उताराच्या शेवटी कंपाउंड वॉल असेल तर पाणी तिथेच तुंबतं. भिंतीच्या तळाशी दोन इंची पाइप बाहेर काढा. ते शक्य नसेल तर भिंतीलगत एक फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून गिट्टीने भरा आणि वर रेती द्या. तयार माती पेव्हिंगच्या पातळीपेक्षा एक इंच खाली ठेवा, म्हणजे पावसात ती रस्त्यावर वाहून येणार नाही. नवी माती पहिल्या पावसात बसते, काही ठिकाणी इंचभर. त्यासाठी थोडं मिश्रण राखून ठेवा आणि खड्डे भरल्यावरच लावणी करा.

लॉन आणि फुलझाडांच्या वाफ्याच्या मध्ये सहा इंच खोल पत्रा किंवा उभ्या विटा गाडा. हरळी वाफ्यात एकदा शिरली की गुलाबाच्या मुळांतून ती काढणं जवळपास अशक्य आहे.

लावणी

नागपुरात पाऊस जूनच्या मध्याच्या सुमारास येतो, पण पहिल्या सरींना भुलू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवा दमट झाली की जूनअखेर ते जुलै हा उत्तम काळ. दुसरी संधी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, तेव्हा पाणी जवळ असावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी लावू नका. रात्री थंड झाल्या की हरळी मूळ धरत नाही.

स्वस्त आणि खात्रीचा मार्ग टोकणीचा. तीन-चार गाठी असलेले मुळासकटचे तुकडे घ्या, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि त्याच दिवशी लावा. खुरपीने चीर करून दोन गाठी मातीत, शेंडा बाहेर, आणि अंगठ्याने घट्ट दाबा. चार इंचांवर लावलं तर चौरस फुटाला ९, एकूण १,८०० तुकडे लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत जागा झाकली जाते. सहा इंचांवर फक्त ८०० लागतात, पण झाकायला तीन महिन्यांपर्यंत जातात आणि तेवढ्या काळात मोकळ्या जागेत तण माजतं. मजुरी थोडी जास्त द्या, चार इंचच ठेवा. पाऊस दडी मारून बसला तर पहिले दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी द्या. महिनाभर पाय ठेवू नका.

तयार लाद्या घेणार असाल तर विकत घेण्यापूर्वी दोन-चार लाद्या उलटून पाहा. तळाशी नागरमोथ्याच्या गाठी असतील तर अख्खा माल परत करा. तळाची चिकण माती अर्ध्या इंचाहून जाड नको. लाद्या उन्हात दिवसभर पडल्या तर आतून गरम होऊन पिवळ्या पडतात, म्हणून सकाळी आलेला माल दुपारच्या आत लावा. सांधे विटांच्या बांधकामासारखे आलटून-पालटून ठेवा, फटीत बारीक माती भरा, वरून फळी ठेवून चाला. पंधरा दिवसांनी कोपरा हळूच ओढून पाहा. तो उचलला गेला नाही तर मुळं उतरली.

पाणी: माप तेच, अंतर बदलतं

रोज थोडं थोडं पाणी देण्याची सवय सगळ्यात घातक. त्याने वरचा इंचभर ओला राहतो, मुळं वरच राहतात आणि एक दिवस नळ आला नाही की गवत मान टाकतं. दरवेळी पाणी पाच-सहा इंच खोल जायला हवं. त्यासाठी २०० चौरस फुटांना एका वेळेस २५० ते ३०० लिटर लागतं. नळीखाली १५ लिटरची बादली ठेवून भरायला किती वेळ लागतो ते पाहा. एक मिनिट लागत असेल तर पाणी साधारण १७ ते २० मिनिटं द्यायचं.

हे माप वर्षभर तेच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत ते सात-आठ दिवसांनी द्या, मार्चमध्ये चार दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. मुरमाड जमिनीत मेमध्ये रोज द्यावं लागेल, पण मग माप निम्मं. पावसाळ्यात आठवडाभर उघडीप पडली तरच.

कॅलेंडरपेक्षा गवत जास्त खरं सांगतं. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले आणि रंग निळसर-करडा दिसला की पाण्याची वेळ झाली. पाणी दिल्यावर तासाभराने लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहा. पाच-सहा इंच सहज गेला तर पुरे झालं.

काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. अशा वेळी दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, माती फुगून भेग मिटली की उरलेलं द्या. वेळ पहाटे ५ ते ७ ची. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाणी दिलं तर पाती रात्रभर ओली राहून बुरशी येते.

उन्हाळ्यात अंगणात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी कढत असतं, ते आधी बादलीत काढून टाका. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी लॉनवर ओतू नका. ताट्यांतून, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवती जाळ्यांतून, पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात, आणि आठवडाभरात ते पाणी मूळ पाण्याहून कितीतरी खारट होतं. कूलरच्या स्टँडखालची हरळी पांढरा थर धरून मरते ती यामुळेच. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र चालतं.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पाण्याची ओढ असेल तर लॉन तपकिरी होऊ द्या. मुरलेली हरळी झोपी जाते, मरत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा पूर्ण माप दिलं तरी गड्डे जिवंत राहतात. या काळात तिच्यावर चालणं, कापणं आणि खत, तिन्ही बंद. ताडपत्री किंवा गादी वाळवायला पसरू नका, मेच्या उन्हात अर्ध्या दिवसात खालचं गवत शिजतं.

कापणी

पहिली कापणी गवत अडीच-तीन इंच झालं की, साधारण चार-पाच आठवड्यांनी. एका वेळेस उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. हरळी एरवी एक ते दीड इंचावर ठेवा. मार्चपासून उंची वाढवून दोन इंचांवर न्या, म्हणजे मुळांवर सावली राहते. पावसाळ्यात पाच-सात दिवसांनी, उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, हिवाळ्यात तीन आठवड्यांनी कापणी पुरते. एवढ्या जागेला हाताने ढकलायचं गोल पात्यांचं यंत्र सगळ्यात चांगलं. पाती बोथट असतील तर टोकं फाटून दोन दिवसांत पांढुरकी दिसतात. ओलं गवत कापू नका, काळ्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळल्यावर दगड होतात.

खत आणि पिवळेपणा

वर्षाला तीन हप्ते पुरेत: फेब्रुवारीअखेर, जुलैअखेर आणि सप्टेंबरअखेर. दरवेळी २०० ग्रॅम युरिया दोन-तीन घमेली चाळलेल्या शेणखतात मिसळा. अर्धं मिश्रण उत्तर-दक्षिण फिरत, अर्धं पूर्व-पश्चिम फिरत फेका, नाही तर हिरवे-पिवळे पट्टे दिसतात. पाती कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी द्या. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा. मेमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीत युरिया नको. किमान तापमान १० अंशांखाली गेलं की हरळी फिकट पडते, ते साहजिक आहे. खत घालून ती हिरवी होत नाही.

जुनी, खालची पाती पिवळी असतील तर नत्र कमी आहे. नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे पात्यावर लांब उभे पट्टे, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चुनखडी असलेल्या काळ्या मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. पाणी साचलं की हे आणखी वाढतं. एका लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड या प्रमाणात चार-पाच लिटर द्रावण संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. टाइल्सवर पडलेले थेंब लगेच धुवा, गंजाचे डाग निघत नाहीत.

तण, हुमणी, आणि ठिगळं

गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा, अंगाला लागलं तर खाज आणि पुरळ येते. केना आणि दुधी ही तणं नियमित कापणीत बरीच कमी होतात. नागरमोथा दिसला की खुरपी सहा इंच खोल घालून गाठीसकट काढा आणि दर आठ-दहा दिवसांनी तीच जागा तपासा. तीन आठवडे दुर्लक्ष झालं की नव्या गाठी धरतात.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात, तेच हुमणीचे. त्या दिवसांत रात्री सात ते नऊ दिव्याखाली पाण्याचं टब ठेवा, त्यात थोडं रॉकेल टाका आणि पडलेले भुंगेरे नष्ट करा. जुलै-सप्टेंबरमध्ये पाणी असूनही गवत सुकतंय, साळुंक्या सारख्या चोच मारताहेत, तर तिथलं एक चौरस फूट गवत उचलून पाहा. ते चटईसारखं सुटलं आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पाच किंवा जास्त पांढऱ्या अळ्या दिसल्या तर उपचार हवा. मेटारायझियम बुरशीची पावडर लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात २० लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीवर झारीने ओता. ही बुरशी उन्हाने मरते, म्हणून दुपारी टाकून उपयोग नाही. खरेदी करताना पाकिटावरची मुदत पाहा.

पावसाळ्यात चोवीस तासांहून जास्त पाणी साचलेली जागा दिसली तर उघडीप पडल्यावर चार इंच खोल, चार-चार इंचांवर दातेरी फावड्याने छिद्रं पाडा आणि त्यांत रेती झाडूने ढकला. दरवर्षी फेब्रुवारीअखेर दाताळ्याने वाळलेला थर ओरबाडून काढा आणि वर पाव इंच चाळलेलं माती-रेती-शेणखत पसरा, सिमेंटच्या साडेतीन पोत्यांएवढं. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. पूर्ण झाकलं तर गवत गुदमरतं.

टक्कल पडलेली जागा भरायची असेल तर आधी कारण शोधा: सावली, साचलेलं पाणी, दिवाळीच्या अनाराने भाजलेली माती, की खाली राहिलेला सिमेंटचा गोळा. मग कडेच्या हिरव्या गवतापर्यंत कापून तीन इंच माती काढून टाका, नवं मिश्रण भरा, आणि लॉनच्याच कडेचे तुकडे तीन-तीन इंचांवर टोका. पावसाळ्यात महिन्याभरात ती जागा भरते.